हाताची घडी, तोंडावर बोट

आमच्या दहावीच्या बॅचचा दरवर्षी एक मेळावा होतो. मेळावा म्हणजे रंकाळ्याच्या बाजूला एखाद्या हॉटेलात तांबडा-पांढरा ओरपत बसायचं आणि ज्यांनी आपल्याला लहानपणी बडवलं त्यांच्या आठवणी काढून गहिवरायचं. लढाईवरून परतलेले शिपाई जखमा दाखवतात तसा एकेकजण आपापला मार दाखवतो. एक म्हणतो, "मला पट्टी उभी धरून मारायचे." दुसरा म्हणतो, "तुझं बरं, पट्टीच होती. मला निरगुडीचा फोक होता, आणि तो मीच तोडून आणलेला होता!" यावर सगळे त्याच्याकडे आदराने बघतात. पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी झाली की कुणीतरी जड आवाजात ठरलेलं वाक्य म्हणतो, "पण काही म्हणा, मारलं म्हणून आपण घडलो."

मी त्या वाक्याला इतकी वर्षं मान डोलवत आलो. घडलो म्हणजे काय झालो, हे कुणी विचारत नाही. एकाचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, एक साखर कारखान्यात आहे, एक फ्लॅट विकतो, दोघे काहीच करत नाहीत पण ते दाढीवरून मोठे वाटतात. मी बँकेत क्लार्क. माझ्याकडे बघून याला कुणी मुद्दाम घडवलंय अशी शंकासुद्धा कुणाला येणार नाही.

पण मी पडलो कॉमर्सचा. हिशेब जुळला नाही की मला झोप येत नाही. परवाच्या मेळाव्यात मोजले, तर आम्ही एकवीसजण होतो. पाचवीत आमच्या वर्गाचा पट चौपन्न होता. बाकीचे तेहतीस कुठे गेले? काही पुण्या-मुंबईला, हे ठीक. पण मागच्या बाकावर बसणारा, चिंचोक्यांचा अख्खा व्यवहार सांभाळणारा तो एकजण सातवीत एका सोमवारी आला नाही आणि पुन्हा कधीच आला नाही. तो शनिवारी फळ्यापाशी कसा उभा होता ते मला अजून दिसतं. त्याला या मेळाव्याला कुणी बोलावत नाही. तो 'घडला' का, हे त्याला कुणी विचारलेलं नाही. आमच्या शाखेने कर्जवाटप कसं केलं हे ठरवायला आम्ही फक्त वेळेवर फेडणाऱ्यांनाच चहाला बोलावलं, तर रिझर्व्ह बँक आम्हाला तो चहासुद्धा पिऊ देणार नाही. शाळेच्या बाबतीत मात्र आपण थकीत खाती वहीतून काढून टाकतो आणि उरलेल्यांच्या जिवावर नफा जाहीर करतो.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी सतराच्या पाढ्यात घडलो. सतरा साते. तिथे माझं घोडं अडायचं. गणिताचे सर फळ्यापाशी उभं करायचे, मी सतरा सकं एकशे दोनपर्यंत गाडी आणायचो, आणि पुढे सरांचा हात दिसला की रूळच संपायचे. उत्तर मला येत नव्हतं असं नाही. पोटात होतं. पण हात उगारलेला माणूस समोर असला की पोटातलं तोंडात येत नाही. त्याचा परिणाम म्हणजे आजही मशीनने मोजलेलं नोटांचं बंडल मी हाताने दोनदा मोजतो. आमचे मॅनेजर याला दक्षता म्हणतात आणि नव्या पोरांना माझं उदाहरण देतात. ती दक्षता नाही. ती सतरा साते आहे.

हे सगळं मी असंच पोटात ठेवून रिटायर झालो असतो. पण आमची सौ. प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, आमच्या सातवीच्या वर्गाला बँकेचे व्यवहार शिकवायचे आहेत. तुम्हीच या. चाळीस मुलं आहेत, चाळीस मिनिटं." मुलामागे एक मिनिट. मी म्हटलं, यात काय आहे? काउंटरवर आम्ही याहून कमी वेळात माणसाला वाटेला लावतो.

मी तयारीनिशी गेलो. पैसे भरायच्या चाळीस कोऱ्या स्लिपा, दोन विनोद आणि इस्त्रीचा शर्ट. विनोदांनी घात केला. पहिल्याला मुलं हसली, दुसऱ्याला जास्त हसली, आणि मग थांबेचनात. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. "सर, तुमच्या बँकेत दरोडा पडला तर तुम्ही कुठं लपता?" कुठे लपायचं हे खरोखरच ठरलेलं आहे, त्यामुळे मी गडबडलो. "सर, एवढ्या नोटा बघून एकपण घरी न्यावीशी वाटत न्हाई?" एक मुलगी आपल्या कोल्हापुरी रीतीप्रमाणे म्हणाली, "सर, मी स्लिप भरलो, आता पैसे कुठं हाईत?" प्रश्न रास्त होता. तेवढ्यात एका स्लिपेचं विमान झालं आणि माझ्या कानावरून गेलं.

आणि मी टेबलावरची लाकडी पट्टी उचलून टेबलावर मारली. दाणकन. "हाताची घडी, तोंडावर बोट!"

हे शब्द मी तीस-पस्तीस वर्षांत उच्चारले नव्हते. पण ते कुठेतरी तिजोरीत जपून ठेवलेले असावेत, कारण स्वर, चढउतार, शेवटचा दम, सगळं जसंच्या तसं निघालं. तो आवाज माझा नव्हता. तो गणिताच्या सरांचा होता.

चाळीस बोटं चाळीस तोंडांवर गेली. पंख्याची करकर ऐकू यायला लागली. आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलाने दोन्ही हात कोपरात दुमडून कानांवर घेतले, डोकं खांद्यात घातलं. मी त्याच्यापासून चांगला सहा फूट लांब होतो. मी त्याला मारणार नव्हतो. विमान त्याचं नव्हतं. तरी त्याचं शरीर तयार होतं. ती पोझ मला ओळखीची होती. ती माझी होती.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. त्या क्षणी मला वाईट वाटलं, असं लिहायला फार बरं दिसलं असतं. वाईट नंतर वाटलं. त्या क्षणी मला छान वाटलं. आयुष्यात चाळीस माणसं माझ्या शब्दासरशी कधी गप्प झाली नव्हती. घरी नाही, बँकेत तर नाहीच. कॉमर्सला पहिल्याच वर्षी शिकवतात की कुठलीही रक्कम एका बाजूला नावे पडली की दुसऱ्या बाजूला तेवढीच जमा होते. मी जन्मभर समजत होतो की मार ही एकेरी नोंद आहे, फक्त पोराच्या नावे पडते. त्या दिवशी कळलं की समोर जमेची बाजू आहे, ती भरते, आणि तिची चटक लागू शकते. 'तुझ्या भल्यासाठी' हा जो शेरा आपण त्या नोंदीपुढे लिहितो, तो बऱ्याच वेळा ऑडिटरसाठी असतो.

उरलेली वीस मिनिटं मी शांततेत चक्रवाढ व्याज शिकवलं. शेवटी विचारलं, "समजलं?" एका सुरात उत्तर आलं, "होऽऽ सर." मी कृतार्थ झालो. स्लिपा गोळा करून घरी आणल्या आणि बघतो तर चाळिसांपैकी एकतीस मुलांनी खातेदाराच्या नावाच्या रकान्यात फळ्यावरचं नमुन्याचं नाव, म्हणजे माझंच नाव, उतरवून काढलं होतं. काहींनी तर सहीसुद्धा माझीच हुबेहूब केली होती. एका दुपारी माझ्या खात्यात एवढा भरणा आजवर कधी झाला नव्हता.

"गप्प छान केलंत," सौ. म्हणाली. "शिकवायचं राहिलं." मग जरा थांबून म्हणाली, "तो पहिल्या बाकावरचा. त्याला मी जूनपासून बोलतं करतेय. उद्या तो आला नाही तर तुम्ही त्याच्या घरी जायचं."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

अकरा वाजता तिचा फोन आला आणि त्यानंतर काउंटरवर माझं लक्ष लागेना. मला तो सातवीतला सोमवार आठवत होता. संध्याकाळी कॅश चारशे रुपयांनी कमी आली, ती पदरची भरली. सहा वाजता पत्ता शोधत गेलो. मुलगा दारातच गोट्या खेळत होता. आई म्हणाली, "जोतिबाला गेलतो सगळी. का ओ, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, शाळेतून आलोय, सहज." मुलगा माझ्याकडे बघत होता. मी त्याला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "विमान तुझं नव्हतं, माहीत आहे मला." तो म्हणाला, "ते माझंच हुतं, सर. पण लई लांब गेलं की न्हाई?" म्हणजे इथेही माझा हिशेब चुकलेलाच.

बँकेला दुसऱ्या शनिवारी सुट्टी असते. त्या सकाळी मी सौ.च्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, तिची काय जादू आहे ती बघायला. जादू काही दिसली नाही. ती घंटेआधी दारात उभी राहते आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला नावाने काहीतरी विचारते. म्हैस व्याली का, आजीचा गुडघा कसा आहे, असलं. चाळीस मुलांचं एवढं चार मिनिटांत होतं. वर्गाचे नियम भिंतीवर लावलेत, ते मुलांनीच केलेले, आणि त्यातला एक बाईंनाही लागू: 'वर्गात फोन घ्यायचा नाही.' फळ्याच्या एका कोपऱ्यात चौकट आखलेली आहे, तिच्यात त्या दिवसाची सगळ्यात उपयोगी चूक लिहितात, म्हणजे जिच्यामुळे सगळ्यांना काहीतरी कळलं अशी. त्या दिवशी तिथे बाईंचीच चूक होती. हिशेबात हातचा विसरलेला. घरी मी तिला हातच्यावरून कधी धरलं असतं तर काय झालं असतं, ते मी इथे लिहीत नाही.

गलका भरपूर होता. पण एक पोरगं चुकलं आणि दुसरं फिदीफिदी हसलं, तेव्हा बाईंचा चेहरा असा काही बदलला की मीसुद्धा शेवटच्या बाकावर सरळ बसलो. तेवढी एकच गोष्ट तिथे चालत नाही. ज्याने गृहपाठ केला नाही त्याला मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी बसून तो पुरा करावा लागतो. ती तोवर डबा उघडत नाही. म्हणजे शिक्षा आहे, पण तीत बाईंचंही पोट सामील आहे.

आणि हे काही रोज जमतं असं नाही. पोषण आहाराचे तक्ते, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम, हे सगळं सांभाळून जीव मेटाकुटीला आला की तीही ओरडते. गेल्या वर्षी एका मुलावर उगाच ओरडली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर त्याला म्हणाली, "काल माझं चुकलं." यावर आमच्याकडे दोन दिवस वाद झाला. मी म्हणालो, शिक्षकानेच माफी मागितली तर धाक राहील का? ती म्हणाली, "धाक गेला. पण आता ती पोरंही एकमेकांना म्हणायला लागलीत, माझं चुकलं म्हणून. तुमच्या बँकेत म्हणतं का कुणी?" मी आमच्या बँकेतली गेली वीस वर्षं आठवून बघितली आणि चहा प्यालो.

बरं, हे काही नवं खूळ नाही. निदान कोल्हापूरकराने तरी तसं म्हणू नये. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. त्यात जो पालक मूल शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड होता. बारकाईने बघा: सक्ती मुलाच्या शिक्षणाची, पण दंड बापाला. पुढे १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम झाला. वर्गात कोण कुणाशेजारी बसतो, ही खरं तर वर्ग कसा असावा या प्रश्नाची पहिलीच ओळ, आणि ती या गावात शंभर वर्षांपूर्वी लिहिली गेली.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली आणि मी अजून तिच्यावर रुसलेलो आहे. लीलाताई पाटलांनी १९८५ साली याच कोल्हापुरात 'सृजन आनंद विद्यालय' काढलं. त्या ना. सी. फडक्यांच्या कन्या. शिक्षकांना शिकवण्यात बरीच वर्षं घालवल्यावर त्यांनी मुलांची शाळा काढली, आणि ती अशी काढली की जिथे मुलाला भीती वाटता कामा नये, मूल दुसऱ्याशी स्पर्धा लावून शिकत नाही तर करून बघून, विचारून शिकतं. 'अर्थपूर्ण आनंदशिक्षणासाठी' हे त्यांचं पुस्तक आमच्या घरात सौ.च्या उशाशी असतं. लीलाताई २०२० साली गेल्या. १९८५ साली मी पाच वर्षांचा होतो, म्हणजे शाळेत घालायच्याच वयाचा. वडिलांनी माझं नाव घराजवळच्या शाळेत घातलं, कारण ती घराजवळ होती. म्हणजे ज्या गावात छडीशिवाय शाळा चालू होती त्याच गावात मी सतरा साते खात होतो! वडिलांना याबद्दल मी एकदा छेडलं. ते म्हणाले, "तिथं गेला असतास तर बँकेत लागला नसतास." हे त्यांनी कुठल्या अर्थाने म्हटलं, ते मी विचारलं नाही.

पुढे शिक्षण हक्काचा कायदा झाला. २००९ सालचा. त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी घातली. कलम सतरावंच निघावं हा योगायोग माझ्याखेरीज कुणाला जाणवला नसेल. पण कायद्याने फार तर हात खाली येतो. दारात उभं राहून म्हशीची चौकशी करायला कलम नाही.

मेळाव्यात मी हे सगळं बोललो तेव्हा स्पेअर पार्टवाला उसळला. "मग तालमीत काय रे? तिथं काय वस्ताद पापी घेतात?" मुद्दा बिनतोड होता. शाळा चुकवणारी पोरं पहाटे चारला आपण होऊन तालमीत जातात आणि वस्तादही प्रसंगी एखादी ठेवून देतात. मी दोन दिवस यावर विचार केला. मी स्वतः तालमीत एकूण नऊ दिवस गेलोय, त्या अनुभवाच्या जोरावर सांगतो: तिथे दिवसातून वीस वेळा पाठ लाल मातीला लागते आणि कुणी हसत नाही. कारण पाडणारासुद्धा काल पडलेला असतो. माती झटकून पुन्हा उभं राहायचं, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या वर्गात एकदा चुकलं की ते पोरगं वर्षभर चुकलेलंच असायचं. मार मी कधीच विसरलो. मागून आलेलं हसू अजून ऐकू येतं. स्पेअर पार्टवाला म्हणाला, "मग हसलेलो आम्हीच की." आणि मग बराच वेळ रस्साच ओरपत राहिला.

गेल्या नोव्हेंबरात गणिताचे सर बँकेत आले. नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. आपण जिवंत आहोत हे त्यांना सरकारला लेखी कळवावं लागतं. सरांचा अंगठा यंत्रावर ठेवला, तर यंत्राने नाकारला. दुसऱ्यांदा नाकारला. म्हातारपणी रेषा झिजतात, त्यात खडूने किती नेल्या कोण जाणे. मागे रांग वाढली. कुणीतरी म्हणालं, "आजोबा, अंगठा पुसा की नीट," आणि दोघे-तिघे हसले. सरांनी अंगठा धोतराला पुसला आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी ती नजर फळ्यापाशी उभा राहून बरीच वर्षं वापरलेली आहे.

मी म्हटलं, "बसा सर. होईल सावकाश. आपण कागदाचा दाखला भरू." आणि मागच्या हसणाऱ्याकडे मी ज्या नजरेने बघितलं ती सौ.ची होती.

फॉर्म भरता भरता सर माझ्याकडे निरखून बघू लागले. "तू माझ्या हाताखालचा काय रे?"

"हो सर."

"तुला मारलेलं काय मी?"

असा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. नाही म्हणणं सोपं होतं. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटलं असतं, आणि 'मारलंत म्हणून घडलो' म्हटलं असतं तर आणखी बरं वाटलं असतं. रांगेनेही कौतुक केलं असतं. पण हिशेब.

"मारलंत की सर. सतराच्या पाढ्याला."

सर बराच वेळ बोलले नाहीत. कागदावर सही केली, हात कापत होता. मग म्हणाले, "कुठं अडायचास?"

"सतरा साते."

"म्हण बघू आता."

अख्खा हॉल ऐकत होता. मॅनेजर केबिनमधून डोकावले. मी सुरुवात केली. सतरा सकं एकशे दोनपर्यंत आलो आणि काय सांगू, रूळ संपले. वीस वर्षं कॅश सांभाळलेला माणूस मी, समोर कॅल्क्युलेटर पडलेला. सरांचे दोन्ही हात काउंटरवर होते. ते थांबून राहिले. रांगेतलं कुणीतरी उत्तर सांगायला लागलं, तर त्याला म्हणाले, "गप रे. येतंय त्याला."

"एकशे एकोणीस," मी म्हटलं.

"हां," सर म्हणाले. "आता शिक्का मार."